मुलांसाठी पहिली पीसीपी रायफल: माप, हवा आणि कागदपत्रं

पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेनं कांस्यपदक जिंकलं, तेव्हापासून नेमबाजीची चौकशी करणारे पालक एक गल्लत हमखास करतात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा पठ्ठ्या ५० मीटर थ्री पोझिशन खेळतो. त्यात काडतुसाची .२२ रायफल लागते आणि तिला शस्त्रपरवाना लागतो. तुमची मुलगी किंवा मुलगा शाळेतल्या शिबिरातून, शेजारच्या रेंजवरून "मला रायफल घ्या" म्हणत घरी आला असेल, तर विषय बहुधा वेगळा आहे: १० मीटर एअर रायफल. अभिनव बिंद्राचं २००८ चं बीजिंगचं सुवर्ण याच प्रकारातलं, गगन नारंगचं लंडनचं कांस्य याच प्रकारातलं, आणि ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलनं २०२२ मध्ये कैरोला जगज्जेतेपद मिळवलं तेही यातच. या प्रकारात आज जवळपास सगळे वापरतात ती रायफल म्हणजे पीसीपी, प्रीचार्ज्ड न्यूमॅटिक. हा लेख त्या पहिल्या रायफलीच्या खरेदीबद्दल आहे.

खरेदीचा विषय निघाला की लोक आधी कंपनीचं नाव विचारतात. माझ्या मते नाव चौथ्या-पाचव्या क्रमांकावर येतं. आधी मुलाच्या अंगाचं माप, मग हवा कुठून भरणार, मग दुरुस्ती कोण करणार. हे तीन जुळले की चांगल्या कंपन्यांपैकी कुठलीही चालते. एक जरी चुकलं तर साडेतीन लाखांची रायफल कपाटात पडून राहते, आणि अशा रायफली मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

आधी कायदा, थोडक्यात

२०१६ च्या आर्म्स रूल्सनुसार २० ज्यूलपर्यंत ऊर्जा आणि ४.५ मिमीपर्यंत (०.१७७ इंच) नळी असलेल्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही. मॅच रायफलीची ऊर्जा साडेसात-आठ ज्यूलच्या आसपास असते, म्हणजे ती या मर्यादेच्या बरीच आत बसते. पण इंटरनेटवर ज्या भारदस्त, दुर्बीण लावलेल्या ५.५ मिमीच्या पीसीपी दिसतात, त्यांचं तसं नाही. नळी ४.५ च्या वर गेली की परवान्याचा प्रश्न येतो. शिवाय त्या शिकारीच्या घडणीच्या असतात आणि १० मीटरच्या खेळात त्यांचा काडीचा उपयोग नाही. झाडावरच्या पक्ष्यांवर नेम धरायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो तिथेच थांबवा; १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यात गंमत समजत नाही.

परदेशातून स्वतः मागवायचं डोक्यात असेल तर सीमाशुल्क खात्याचं प्रकरण सोपं नाही. रायफलींची आयात निर्बंधित आहे. ओळखीचा माणूस जर्मनीहून बॅगेतून घेऊन येतो, असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. अधिकृत आयातदाराकडून घ्या, किंवा खेळाडू पुरेसा पुढे गेला असेल तर राष्ट्रीय संघटनेच्या शिफारशीचा रीतसर मार्ग असतो, तो धरा.

पीसीपीच का

शिबिरात मुलं बहुतेक स्प्रिंगच्या रायफलीवर सुरुवात करतात. नळी मोडायची, आतली स्प्रिंग ताणायची, मग चाप. चाप सुटला की आतला जड पिस्टन पुढे धावतो आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच रायफल हलते. ते हलणं आवरायला वेगळं तंत्र शिकावं लागतं, जे पुढे उपयोगी पडत नाही.

पीसीपीत नळीखाली सिलिंडर असतो, त्यात २०० बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) हवा भरलेली. रेग्युलेटर ती हवा कितीतरी कमी आणि दर वेळी सारख्या दाबावर आणतो. चाप ओढला की छोटा हातोडा झडपेवर आपटतो, मोजकी हवा सुटते, आणि ०.५३ ग्रॅमच्या आसपासचा पॅलेट, म्हणजे छर्रा, सेकंदाला १७० मीटरच्या सुमाराने निघतो. बहुतेक मॅच रायफलींत उरलासुरला धक्का जिरवायला एक शोषक यंत्रणाही असते. मुलानं जे केलं तेच कागदावर दिसतं, चूकही आणि बरोबरही. शिकवणाऱ्याला याहून जास्त काही नको असतं.

एवढी अचूकता कशासाठी? १० मीटरच्या लक्ष्यावर मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. दशांश गुणांकनात पॅलेट केंद्रापासून सुमारे पाव मिलिमीटर सरकला की ०.१ गुण जातो. ६० शॉट, जास्तीत जास्त ६५४ गुण, इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर ७५ मिनिटं. अशा हिशेबात रायफलीनं स्वतःची भर घातली तर मुलाला आपलं काय चुकतंय हे कधी कळणारच नाही.

पहिली पायरी: घाई न करणं

रेंजवरच्या क्लबच्या रायफलीवर काही महिने घालवा. मुलाला खेळ खरंच आवडतो का, शाळा सांभाळून आठवड्यात तीन-चार दिवस येतो का, हे एवढ्या काळात आपोआप कळतं. प्रशिक्षकाला एक प्रश्न आवर्जून विचारा: पुढच्या वर्षी याला कुठल्या गटात खेळवणार? आपल्याकडे स्पर्धांत आयएसएसएफ (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे नियम), एनआर (राष्ट्रीय नियम), पीप साइट (छिद्रातून नेम), ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम) असे गट असतात आणि त्यांचे साहित्याचे नियम वेगवेगळे आहेत. महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या चालू वर्षाच्या परिपत्रकात गट आणि वयोमर्यादा पाहून मगच ठरवा. ओपन साइट खेळणाऱ्या मुलासाठी पहिल्या महिन्यात पूर्ण मॅच पीसीपी घेणं हा निव्वळ अपव्यय आहे.

याच काळात मुलाचा मुख्य डोळा कोणता ते बघा. दोन्ही हात समोर लांब करून तळव्यांच्या मधे छोटी खिडकी करायला सांगा, त्यातून लांबची वस्तू पाहायला सांगा, मग एकेक डोळा मिटायला सांगा. ज्या डोळ्याला वस्तू खिडकीतच राहते, तो मुख्य. उजव्या हाताचा, पण डाव्या डोळ्याचा मुलगा असेल तर रायफल उजवी घ्यायची की डावी, हा निर्णय प्रशिक्षकाशी बसून घ्यावा. डावखुऱ्यांसाठी रायफल मिळते, पण बाजारात थांबावं लागतं आणि पुढे विकायला वेळ लागतो.

माप: इथं सगळ्यात जास्त वेळ घालवा

पालक दुकानात जातात, मूल टी-शर्टवर रायफल उचलतं, "छान बसली" म्हणतं, पैसे दिले जातात. ही पद्धत चूक आहे. मॅचमध्ये मूल जाड कॅनव्हास-चामड्याचं जॅकेट घालून उभं राहणार आहे. जॅकेटच्या खांद्याच्या जाडीमुळे दस्ता पुढे सरकतो, मान वेगळी पडते, हात वेगळा वाकतो. म्हणून जॅकेट, पँट, बूट, हातमोजा घालूनच माप घ्या. स्वतःचं जॅकेट नसेल तर रेंजवर त्याच अंगाच्या मुलाचं मागा, लोक देतात. किंबहुना बजेट आखताना जॅकेट-पँट-बूट आधी मांडा आणि उरलेल्यात रायफल बसवा. न बसणाऱ्या जॅकेटात उत्तम रायफल वाया जाते, बसणाऱ्या जॅकेटात मध्यम रायफलही बरी चालते.

आता एकेक करून बघा.

वजन. आयएसएसएफची कमाल मर्यादा ५.५ किलो आहे, पण ती मोठ्यांची गोष्ट. माझा ठोकताळा असा की पहिल्या वर्षी रायफल मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागाच्या पुढे नको. ४० किलोची मुलगी असेल तर ४ किलोच्या आसपास. ज्युनिअर मॉडेल, छोटा सिलिंडर, ॲल्युमिनियमचा दस्ता यांनी वजन उतरतं. पुढे ताकद आली की वजनं लावता येतात, काढणं मात्र कठीण असतं. जड रायफलीनं मूल मागे झुकतं, कंबर वाकते, आणि वर्षभरात पाठदुखीची तक्रार येते.

दस्त्याची लांबी. चापावर तर्जनीचं पहिलं पेर सरळ पडलं पाहिजे, बोट ताणून नाही आणि दुमडूनही नाही. तेराव्या वर्षीचं मूल सोळाव्या वर्षी वीतभर वाढतं. म्हणून बट प्लेट, म्हणजे दस्त्याची खांद्याला टेकणारी मागची पट्टी, मागे-पुढे, वर-खाली सरकते का, पकड पुढे-मागे होते का, हे प्रत्यक्ष हलवून बघा.

गालपट्टी. ती उंचीत आणि आडवी, दोन्ही बाजूंनी सरकली पाहिजे. मूल मान तिरपी करून डायऑप्टरच्या (डोळ्याजवळच्या मागच्या साइटच्या) छिद्राकडे जातंय असं दिसलं तर गालपट्टी खाली आहे. डोकं जवळजवळ सरळ राहिलं पाहिजे आणि रायफल वर यायला हवी.

शेवटची चाचणी सोपी आणि फार प्रामाणिक आहे. मुलाला पूर्ण कपड्यांत उभं करा, रायफल खांद्याला, डावं कोपर कमरेवर टेकलेलं. डोळे मिटायला सांगा, दोन-तीन श्वास सैल सोडायला सांगा, मग डोळे उघडायला सांगा. डोळा छिद्राच्या मधोमध असायला हवा आणि पुढच्या रिंगमध्ये काळं वर्तुळ दिसायला हवं. आडवं बाजूला गेलं असेल तर पाय थोडे फिरवा. उंचीत सारखं चुकत असेल तर बट प्लेट हलवा. तीन-चार वेळा दुरुस्त करूनही रायफल जुळत नसेल, तर ती त्या मुलासाठी नाही, किंमत काहीही असो.

लाकडी दस्ता की धातूचा, यावर रेंजवर तासन् तास वाद घालता येतो. वाढत्या मुलासाठी माझं मत धातूच्या बाजूनं आहे, कारण त्यात सरकायला जास्त जागा असते.

हवा

दुकानदार हा विषय दोन मिनिटांत उरकतात आणि नंतर तो वर्षभर छळतो. रायफल घ्यायच्या आधी "माझ्या रेंजवर २०० बार हवा कायम मिळते का?" हा प्रश्न विचारा आणि उत्तर स्वतः जाऊन तपासा. मोठ्या रेंजवर डायव्हिंगचा सिलिंडर किंवा कॉम्प्रेसर असतो. तालुक्याच्या ठिकाणी, शाळेच्या हॉलमध्ये चालणाऱ्या रेंजवर बहुतेक वेळा नसतो.

तीन पर्याय आहेत. हातपंप: स्वस्त, पण मुलाला तो ओढताच येत नाही. भरणं पालकांच्या अंगावर येतं, आणि ते सोपं नाही. डायव्हिंगचा सिलिंडर: घरच्यासाठी सर्वांत निवांत. समजा तुमचा सिलिंडर १० लिटरचा आहे आणि रायफलीचा ०.२ लिटरचा. रायफलीत १०० बार उरलेले असताना २०० पर्यंत भरायला २० लिटर हवा जाते, म्हणजे मोठ्या सिलिंडरचा दाब सुमारे २ बारनं उतरतो. २०० बारचा मोठा सिलिंडर घेतला तर पहिल्या काही भरण्यांनंतर रायफल पूर्ण २०० ला पोचणार नाही. ३०० बारचा घेतला तर बराच काळ पोचत राहील. १७०-१८० वरही ट्रेनिंग व्यवस्थित होतं, तेव्हा २०० चा हट्ट नको. मात्र मोठ्या सिलिंडरची ठरावीक मुदतीनं दाबचाचणी करून घ्यावी लागते, आणि तो भरून देणारं ठिकाण तुमच्या गावापासून किती लांब, हे आधी पाहा. विजेचा छोटा कॉम्प्रेसर: सोयीचा, पण त्यातला ओलावा गाळणारा फिल्टर वेळेवर बदलला पाहिजे. कोकणात आणि मुंबईत जुलै महिन्यात तो नेहमीपेक्षा फार लवकर ओला होतो. ओली हवा रेग्युलेटरमध्ये गेली की रायफलीचा वेग खालीवर होऊ लागतो आणि मग दोष मुलाच्या माथी मारला जातो.

भरताना हळूहळू भरा. झटक्यात भरलं की सिलिंडर गरम होतो, गेज २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर १८० वर येतो. ॲडॉप्टर तुमच्याच रायफलीचा असावा, कारण प्रत्येक कंपनीचे आटे सारखे असतीलच असं नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं: ऑक्सिजन कधीही भरू नका. वेल्डिंगच्या दुकानात, दवाखान्यात सिलिंडर दिसतो म्हणून मोह होतो. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेलाचा अंश लागला तर स्फोट होतो. त्याच कारणानं झडपांना, आट्यांना कुठलंही घरगुती तेल लावायचं नाही.

मॉडेलबद्दल

जर्मनीच्या वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ आणि आन्शुट्झ, ऑस्ट्रियाची स्टायर, इटलीची पार्डिनी, यांच्या मॅच रायफली अचूकतेत एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की पहिल्या तीन वर्षांत तुमच्या मुलाला फरक कळणार नाही. फरक पडतो तो तुमच्या शहरात कुणाकडे सील आणि सुटे भाग मिळतात याचा. रेंजवर बाजूच्या चार जणांकडे जी रायफल आहे तिचा विचार आधी करा. त्यांच्याकडे साहित्य, अनुभव आणि ओळखीचा कारागीर आपोआप मिळतो. वॉल्थरचं एलजी ४०० आणि फाइनवेर्कबाऊचं ८००, या मालिका आपल्याकडे बऱ्यापैकी दिसतात. हेमर्लीचं एआर २० हे तुलनेनं स्वस्त, पण नियमात बसणारं सुरुवातीचं मॉडेल आहे. विजेच्या चापाची रायफल पहिली म्हणून घेऊ नका. बॅटरी आणि त्याची देखभाल हा नंतरचा विषय आहे.

चाप दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा स्पष्ट जाणवला पाहिजे, मग भिंत, मग सूक्ष्म दाबानं सुटका. मुलासाठी फार हलका करून घेऊ नका. बोट भिंतीवर आलंय हे त्याला कळलं पाहिजे. आणि ड्राय फायरची सोय, म्हणजे हवा न सोडता चापाचा सराव करता येईल अशी कळ, असली पाहिजे. पावसाळ्यात रेंज बंद असते तेव्हा हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून केलेला सराव यावरच चालतो.

जुनी रायफल घेताना

अनेकांची पहिली रायफल सेकंडहँडच असते, आणि त्यात गैर काही नाही. एअर रायफलीची नळी फार काळ टिकते. धोका असतो तो सिलिंडरमध्ये. त्याच्या अंगावर बनवल्याचा महिना-वर्ष कोरलेला असतो. आयएसएसएफच्या नियमानुसार निर्मात्यानं ठरवलेल्या मुदतीबाहेरचा सिलिंडर चालत नाही आणि ही मुदत जास्तीत जास्त १० वर्षांची. २०१७ चा शिक्का असेल तर २०२७ नंतर स्पर्धेच्या साहित्य तपासणीत अडकाल. विकणारा "अजून हवा टिकते" म्हणेल. खरंही असेल, पण नव्या सिलिंडरचे पैसे किमतीतून वजा करूनच बोलणी करा. तारीख वाचता येत नसेल, ग्राइंडरनं घासलेली दिसली, रंग नवा वाटला, तर तिथूनच परत फिरा.

मग हे करून बघा. संध्याकाळी सिलिंडर भरून गेजवरचा आकडा कागदावर लिहा, सकाळी पुन्हा बघा. काटा ठळकपणे खाली आला तर गळती आहे. मग वेग मोजणारं यंत्र, क्रोनोग्राफ, रेंजवरून उसनं घ्या आणि दहा शॉट मोजा. सगळे आकडे सेकंदाला तीनेक मीटरच्या आत राहिले तर चांगलं. आता रायफल १५ मिनिटं तशीच ठेवा आणि एक शॉट मोजा. हा एकटा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच उंच निघाला तर रेग्युलेटर हळूहळू दाब झिरपू देतोय. दुरुस्ती होते, पण तिचा खर्च विक्रेत्यानं सोसावा. रायफलीवर क्रमांक असतो तो बिलाशी ताडून बघा. मूळ बिल नसेल तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

पॅलेट

१० मीटरला सपाट तोंडाचा पॅलेट लागतो, कारण तो कागदात स्वच्छ गोल भोक पाडतो. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे डोक्याचे व्यास असतात. कुठला व्यास कुठल्या नळीला चालेल हे सांगता येत नाही, मारूनच बघावं लागतं. रायफल शिकंजात पकडून प्रत्येक डब्यासाठी वेगळं लक्ष्य लावून त्यावर त्याच डब्यातले दहा पॅलेट मारा. त्या दहांचं मिळून पडलेलं भोक बाहेरून बाहेर साडेपाच-सहा मिलिमीटर असेल तर तो डबा ठेवा. त्याच लॉट क्रमांकाचे आणखी डबे घ्या, कारण पुढच्या महिन्यात तेच नाव वेगळं वागू शकतं. रोजच्या सरावासाठी जरा स्वस्त पॅलेट चालतात, निवडलेले स्पर्धेसाठी राखून ठेवा. नवीन रायफल घेतलीत तर पेटीत कारखान्यातला चाचणीचा कागद असतो. तो फेकू नका, पुढे दुरुस्तीनंतर तुलना करायला त्याच्याशिवाय दुसरं काही नसतं.

घरी आणल्यावर

रायफल आणि पॅलेट वेगवेगळ्या कपाटांत, दोन्हींना कुलूप. वापरात नसताना खोक्यात, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) नळीत. घरातल्या लहान भावंडांना बघायचं असतं, तर पालकांसमोर एकदा नीट दाखवा आणि विषय संपवा. लपवाछपवी केली की ती स्वतः शोधतात. बिल, आयातदाराचे कागद आणि सिलिंडरची कागदपत्रं यांच्या प्रती रायफलीच्या पेटीतच ठेवा, कारण स्पर्धेला रेल्वेनं जाताना एखादा पोलीस विचारतो आणि कागद दाखवले की लगेच सोडतो.

विमानानं जायचं असेल तर विमान कंपनीला तिकीट काढतानाच कळवा. रायफल चेक-इन सामानातच जाते, केबिनमध्ये डोक्यावरच्या रॅकमध्ये नेता येत नाही. सिलिंडर रायफलीपासून सुटा करून पूर्ण रिकामा करा आणि तो रिकामा आहे हे काउंटरवर दाखवता येईल असं पॅक करा. म्हणजे स्पर्धेच्या गावी पोचल्यावर पुन्हा भरायची सोय कुठे, हे निघण्याआधीच रेंजला फोन करून विचारून ठेवावं लागतं. ॲडॉप्टर बॅगेत टाकायला विसरू नका; रेंजवर भरायचा सिलिंडर मिळतो, तुमच्या आट्याचा ॲडॉप्टर मिळेलच असं नाही.